कोंबडीला हसू नये, चंद्राला हसावे

आपला प्रश्न असा आहे: 'लोकप्रिय गाण्यांच्या शब्दांची टिंगल करणे ही शिष्ट माणसांची खोड आहे, की त्यात काही कसब आहे? आणि टिंगल करायचीच झाली, तर ती कोणत्या गाण्यांची करावी?'

मी नाशिकचा. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या लेखा विभागात ३१ वर्षे व्हाउचर तपासून निवृत्त झालो आणि त्यांपैकी बरीच वर्षे कारखान्याच्या स्नेहसंमेलनासाठी, निरोपसमारंभांसाठी आणि नातलगांच्या लग्नकार्यांसाठी गाजलेल्या गाण्यांची विडंबने लिहिली. त्या अनुभवावरून सांगतो, की खोडही आहे आणि कसबही आहे. मात्र बहुतेक लोक चुकीच्या गाण्यांना हसतात. आपण खुळे आहोत हे ज्या गाण्याला स्वतःलाच ठाऊक असते, त्याची थट्टा करता येत नाही. थट्टेला गंभीर गाणे लागते.

वरातीत 'कोंबडी पळाली' सुरू झाले, की आमच्याकडे एक तरी सुशिक्षित काका खुर्ची मागे सरकवतात आणि "याला का गाणे म्हणायचे? काय ते शब्द!" असे म्हणून आजूबाजूला पाहतात. त्यांचे म्हणणे मी एकदा मनावर घेतले आणि मुखड्याची ओळ व्हाउचर तपासावे तशी तपासली. कोंबडी पळाली, तिने तंगडी धरली आणि ती लंगडी घालू लागली, असा एकूण वृत्तान्त आहे. कोंबडीला पाय दोनच. त्यांतला एक धरून ठेवायचा तर हात हवा, तो तिला नाही. पंखाने धरला म्हणावे, तर तोल कशाने सावरला याचा खुलासा नाही. आणि तंगडी दुसऱ्याच कोणाची धरली असेल, तर लंगडी त्या दुसऱ्याने घालायची, कोंबडीने कशासाठी? एवढी छाननी करून मी विजयी मुद्रेने हसायला गेलो आणि तेव्हा उमगले, की हे सगळे विनोद गाण्याने माझ्याआधीच करून ठेवले आहेत. कोंबडीला लंगडी घालायला लावणाऱ्याला ते अशक्य आहे हे पक्के माहीत होते. मी केवळ त्याच्या विनोदाची पोच देत होतो. अजय-अतुल यांची हीच चाल पुढे २०१२ च्या 'अग्निपथ' या हिंदी चित्रपटात 'चिकनी चमेली' होऊन आली, तेव्हा कोंबडी मराठीतच राहिली आणि तिच्या जागी पव्वा चढवून आलेली चमेली नाचू लागली. तिलाही हसण्यात अर्थ नाही, कारण ती शुद्धीवर आहे असा दावा गाणे करीतच नाही.

'सैराट' मधल्या 'झिंगाट' ची गोष्ट याहून सरस आहे. २०१६ साली ते आले आणि त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एकाही गणपतीचे विसर्जन त्याच्याविना झाले नाही. त्यातला मुलगा सांगतो, की सगळ्या गावाला माझ्या लग्नाची घाई झाली आहे, आणि लगेच पुढच्या दमात मुलीला विचारतो, की तू माझ्या लेकराची आई कधी होणार. मुलीचा होकार, पत्रिका, बस्ता, मांडव, हळद हे सगळे मधले खर्चाचे शीर्षक गाळून तो थेट बारशाला पोहोचतो. यावर मी एक फर्मास विडंबन लिहायला बसलो होतो आणि दोन तास बसूनही मला एक ओळ सुचली नाही, कारण प्रेमात पडलेल्या पोराचे भान सुटलेले दाखवणे हाच त्या गाण्याचा हेतू आहे; मी जे वाढवायला निघालो होतो, ते त्यात आधीच काठोकाठ भरलेले होते. उकळत्या दुधाला आणखी काय उतू घालवणार? (नाशिकपुरते आणखी एक सांगायला हवे. आमच्याकडे ही गाणी ज्या ढोलांसोबत वाजतात, त्या ढोलांपुढे शब्द कोणाला ऐकूच येत नाहीत. नाशिक ढोलाचा थरार ज्यांनी दहा फुटांवरून घेतला आहे, त्यांना गीतकाराची चूक काढण्याची संधी मिळत नाही.)

आता गंभीर गाण्यांकडे येतो, कारण खरे पीक तिथे आहे. मराठीत हे ज्यांनी कायमचे शिकवून ठेवले ते प्र. के. अत्रे. त्यांनी 'केशवकुमार' या नावाने लिहिलेला 'झेंडूची फुले' हा विडंबनांचा संग्रह १९२५ साली प्रसिद्ध झाला. मी तो कॉलेजात असताना आमच्या सार्वजनिक वाचनालयातून, म्हणजे १८४० साली स्थापन झालेल्या आणि नाशिककर ज्याला 'सावाना' म्हणतात त्या वाचनालयातून घरी आणला आणि मुदत उलटून गेल्यावर दंड भरून परत केला. अत्रे यांनी कोणाची थट्टा केली हे पाहण्यासारखे आहे. त्या काळी तमाशात, बाजारात, जत्रेत वाह्यात गाणी काय कमी होती? पण त्यांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्यांनी गाठले ते रविकिरण मंडळाच्या काळातल्या प्रतिष्ठित कवींना, म्हणजे जे कविता गंभीरपणे लिहीत, गंभीरपणे गात आणि प्रेमाविषयी बोलताना घसा दाटून येऊ देत अशांना. त्यातली 'प्रेमाचा गुलकंद' ही कविता पुष्कळांना पाठ आहे. एक तरुण आपल्या मनातली गोष्ट उघड न बोलता एका तरुणीला नेमाने गुलाबाची फुले देत राहतो आणि अखेर धीर करून जेव्हा तो आपले प्रेम बोलून दाखवतो, तेव्हा ती आतून बरणी आणून त्याच्यापुढे ठेवते, कारण इतक्या दिवसांच्या गुलाबांचा तिने गुलकंद करून ठेवलेला असतो. मला यातले सर्वांत मोठे शहाणपण असे वाटते, की अत्रे यांनी गुलाबाला एका शब्दानेही नावे ठेवलेली नाहीत. त्यांनी तो फक्त स्वयंपाकघरात पाठवला. काव्यातल्या वस्तूला घरातल्या कामाला लावले, की बाकीचे काम ती वस्तूच करते.

हीच युक्ती मी आयुष्यभर वापरली, फक्त माझे स्वयंपाकघर म्हणजे लेखा विभाग होता. आपल्या भावगीतांतला प्रियकर रात्रभर जागा असतो. साक्षीला चंद्र असतो, वारा मंद असतो, खिडकी उघडी असते आणि पहाट होईपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. ऐकताना आपलाही जीव कासावीस होतो. पण हाच माणूस सकाळी सातच्या पाळीला अंबडच्या फाटकात कार्ड पंच करायला उभा आहे अशी कल्पना करा, त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे पाहून सुरक्षारक्षक त्याला तोंडाचा वास द्यायला लावतो आहे असे पाहा, आणि त्याने पगारपत्रकात रात्रपाळीचा भत्ता मागितला आहे असे समजा. गीतातला एक शब्दही न बदलता अर्धे विडंबन तयार झाले. ऋतूंचेही तेच. पुष्कळ गीतांत पाऊस कोसळत असतो आणि त्याच रात्री पूर्ण चंद्रही टिपूर चांदणे सांडत असतो. श्रावणात नाशिकच्या आभाळात चंद्र शोधून पाहा, म्हणजे कवीने कोणत्या जिल्ह्यात बसून लिहिले असेल याचा विचार सुरू होतो. चैत्र-वैशाखाचा मोगरा आणि पावसाळ्यानंतर सडा घालणारा पारिजातक एकाच कडव्यात, एकाच वेणीत गुंफलेले मी स्वतः ऐकले आहेत. फुलबाजारातल्या बाईने असा हिशेब आम्हांला दिला असता, तर आम्ही तिच्याकडे पावती मागितली असती.

काही वेळा दोष कवीचा नसतो, यमकाचा असतो. ग. दि. माडगूळकर यांच्या आगीनगाडीच्या बालगीतात मामाची बायको सुगरण आहे आणि ती रोज रोज पोळी-शिकरण करते. यावर महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात कधी ना कधी कोणीतरी हसले आहे, कारण केळी कुस्करून दुधात घालणे याला सुगरणपण लागत नाही, आणि खऱ्या सुगरणीने भाच्यांना रोज तेच वाढले तर भाचे पुढच्या सुटीत आत्याकडे जातील. पण 'सुगरण' हा शब्द ओळीच्या शेवटी आला, की त्याच्यापुढे 'शिकरण' वाचून दुसरे काय येणार? त्या घरातला स्वयंपाक मामीने नव्हे, यमकाने ठरवला आहे. गदिमांसारख्या मोठ्या कवीला हे कळत नव्हते असे समजणारा माणूस विडंबनकार होऊ शकत नाही. ते त्यांना कळत होते, आणि लहान मुलांना दोन्ही शब्द तोंडात घोळवायला गोड लागतात हेही कळत होते.

कधी कधी तर गाणेही निर्दोष असते आणि गंमत ते कोठे गायले जाते यात असते. काही वर्षांपूर्वी निफाड तालुक्यात पुतण्याच्या हळदीला गेलो होतो. घर द्राक्षबागाईतदारांचे, अंगणात मांडव, एका कोपऱ्यात क्रेटची थप्पी आणि मधोमध ध्वनिक्षेपकाच्या भिंती. रात्री दहाच्या सुमारास कोळीगीत लागले आणि ज्यांनी आयुष्यात छाटणी, डिपिंग आणि भुरीवरची फवारणी याखेरीज दुसरी चिंता केली नाही, असे वीस-पंचवीस बागाईतदार एका ओळीत खाली बसून हवेत वल्ही मारू लागले. समुद्र तिथून शंभर किलोमीटरहून अधिक दूर, जवळ नदी म्हणायची तर कादवा, आणि तिच्या उन्हाळ्यातल्या पात्रात होडी तर सोडाच, म्हैस नीट बुडायची नाही. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर मात्र खोल समुद्रात वादळ उठल्याचे भाव होते. तेवढ्यात ओट्यावर बसलेल्या आमच्या आत्याबाईंनी विचारले, "का रे, होडी कुठं निघाली?" पुढे बसलेल्या पुतण्याच्या मामाने वल्हे न थांबवता उत्तर दिले, "पिंपळगावला, मार्केटात!" इतके नेटके विडंबन मला उभ्या आयुष्यात साधलेले नाही. वेसाव्याच्या कोळीवाड्यात तेच गाणे पोटापाण्याचे आहे, तिथे त्याला कोणी हसणार नाही.

याहून निर्मळ प्रकार म्हणजे नकळत झालेले विडंबन, आणि त्यासाठी आपल्या आरत्यांसारखे दुसरे ठिकाण नाही. मी टाकळी रस्त्याला राहतो. ज्या टाकळीला समर्थ रामदासांनी बारा वर्षे तप केले असे आपण मानतो, ती माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि त्यांच्याच आरतीची दरवर्षी दहा दिवस आमच्या इमारतीच्या वाहनतळात जी अवस्था होते ती मी डोळ्यांनी पाहतो. 'फणिवरबंधना' म्हणजे ज्याने मोठ्या नागाचा कमरपट्टा बांधला आहे तो. आमच्याकडे निम्मी मंडळी टाळ्या वाजवत 'फळीवर वंदना' म्हणतात. एका वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या पहिलीतल्या मुलीने आरती संपल्यावर आजीला विचारले, की वंदनामावशी फळीवर का चढली आहे आणि तिला खाली कोण उतरवणार. आजींनी तिला गप्प केले, पण दुसऱ्या दिवशी त्या ओळीला पहिल्या रांगेतली तीन मोठी माणसे तोंडावर रुमाल धरून उभी होती. पुढे 'संकटी पावावे' चे 'संकष्टी पावावे' होते, आणि ते इतके शहाणपणाचे वाटते, की चतुर्थीचा उपवास करणाऱ्यांना मूळ पाठच चुकीचा वाटू लागतो. हे सगळे हसू येते कशामुळे? आरती खुळी आहे म्हणून नव्हे, तर ती हात जोडून, डोळे मिटून, पूर्ण श्रद्धेने म्हटली जाते म्हणून. वंदना जर कोंबडीच्या गाण्यात फळीवर चढली असती, तर तिच्याकडे कोणी मान वर करून पाहिले नसते.

निवडणुकीतल्या रिक्षांवरच्या गाण्यांविषयी थोडक्यात सांगतो. त्यांत भक्तिगीताच्या चालीवर प्रभाग क्रमांक आणि चिन्ह बसवलेले असते, उमेदवाराचे आडनाव चालीत मावत नसल्यामुळे ते मधेच तुटते, आणि उरलेले अर्धे आडनाव रिक्षा वळणावर गेल्यानंतर ऐकू येते. हे विडंबन आहे, हे फक्त उमेदवाराला माहीत नसते.

आता कसबाविषयी, कारण ते न सांगता टिंगल करा असे सांगणे बेजबाबदारपणाचे होईल. विडंबन कागदावर वाचायचे नसते, मूळ चालीत गायचे असते, आणि म्हणून त्याच्या मात्रा मूळ गीताइतक्याच नेमक्या हव्यात. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. 'पावती' च्या पाच मात्रा होतात आणि 'व्हाउचर' च्याही पाचच, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा शब्द बेलाशक बसवता येतो. 'हिशेबनीस' सात मात्रांचा असल्याने तो तिथे बसणार नाही. बसवलाच, तर गायकाला धाप लागते आणि श्रोते विनोदाऐवजी गायकाला हसतात. पुष्कळ हौशी विडंबने इथेच मरतात. ज्यांना मात्रा मोजण्याचा कंटाळा आहे, त्यांनी ओवीला हात घालावा. जात्यावरची ओवी आखूड-लांब सगळे पोटात घेते. आमच्या एका लेखापरीक्षणाच्या वेळी मी विभागातल्या बायकांसाठी लिहून दिलेली ओवी अशी होती:

पहिली माझी ओवी, लेखापरीक्षणाला,
व्हाउचर सापडेना, दोष लागे शिपायाला.

आणि गाणे संपूर्ण पाठ हवे. ज्याला फक्त मुखडा येतो, त्याची थट्टा मुखड्याबरोबर संपते. दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत जाण्याइतके गाणे ज्याने ऐकले आहे, त्याचे त्या गाण्यावर प्रेम असते, हे त्याने कबूल केले नाही तरी लपत नाही. आपण शिष्टपणाविषयी विचारले होते. शिष्ट माणूस गाणे पूर्ण ऐकतच नाही.

आता खोडीविषयी, म्हणजे माझ्या अपराधाविषयी. आमच्या विभागाचे साहेब दर स्नेहसंमेलनात एकच भावगीत म्हणत. गीताचे नाव मी सांगत नाही, कारण कारखान्यातले लोक लगेच ओळखतील. चंद्र आहे, विरह आहे, शेवटच्या कडव्यात विझणारा दिवा आहे, एवढे पुरे. आवाज बेताचा, पण सूर पक्का. ते डोळे मिटून गात आणि गाऊन झाले, की पाणी मागत. एका वर्षी मी त्याच चालीवर वार्षिक हिशेबाचे विडंबन लिहिले: चंद्राच्या जागी ताळेबंद, विरहाच्या जागी न जुळणारी रक्कम, आणि विझणाऱ्या दिव्याच्या जागी ३१ मार्चला रात्री अकराला गेलेली वीज. ते साहेबांच्या गाण्यानंतर लगेच सादर झाले. सभागृह डोक्यावर घेतले गेले, साहेब स्वतः सर्वांत मोठ्याने हसले आणि त्यांनी माझी पाठ थोपटली.

पुढच्या वर्षी साहेब नेहमीप्रमाणे उभे राहिले, त्यांनी डोळे मिटले आणि पहिली ओळ उच्चारली. मागच्या रांगेतून कोणीतरी फिस्सकन हसले, मग दोघे, मग सगळी रांग. कोणाच्याही मनात वाईट नव्हते. त्या चालीत त्यांना आता चंद्र दिसतच नव्हता, ताळेबंद दिसत होता. साहेबांनी डोळे उघडले, दुसऱ्या ओळीपर्यंत कसेबसे नेले, "आज घसा बसला आहे," असे म्हणून ते खाली बसले, आणि त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी संमेलनात गाणे म्हटले नाही. विडंबन चांगले साधले, की ते मूळ गाण्याच्या घरात राहायला जाते आणि घरमालकाला बाहेर काढते, हे मला तोवर माहीत नव्हते. त्या दिवसानंतर समोर बसलेल्या माणसाच्या आवडत्या गाण्यावर मी लिहिले नाही.

गेल्या हिवाळ्यात कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर साहेब दिसले. कानटोपी, हातात काठी, आणि पुटपुटत चाललेले. मी मागून जवळ गेलो, तेव्हा चाल ओळखीची वाटली. आणखी जवळ गेलो, तर शब्द माझे होते. मला पाहून ते थांबले नाहीत, काठीने पुढे चला असे खुणावले आणि कडवे पूर्ण केले. मग म्हणाले, "अहो, तुमच्या दुसऱ्या कडव्यात तिसरी ओळ दर वेळी अडते. तिथे तुम्ही 'लेखापरीक्षक' घातला आहे, चार मात्रा जास्त होतात. 'ऑडिटर' घालायला हवा होता." मी म्हटले, "इतक्या वर्षांत कोणी सांगितले नाही." ते म्हणाले, "ते सगळे हसत होते ना."

घरी येऊन बोटांवर मोजले. बाकीच्या ओळी सोळा मात्रांच्या, ती एक वीस.